परमेश्वराला पेपर वाचून दाखवताना

आमच्या मंडळीत सार्वजनिक प्रार्थनेला उभे राहणाऱ्यांचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारची माणसे परमेश्वराकडे काहीतरी मागतात. दुसऱ्या प्रकारची त्याला बातम्या सांगतात. सुरुवात "हे प्रभू, तुला सर्व ठाऊक आहे" अशी होते आणि मग प्रभूला जे ठाऊक आहे तेच तपशीलवार येते: कोणत्या देशाने कोणावर किती ड्रोन सोडले, सुरक्षा परिषदेत व्हेटो कोणी वापरला, कच्चे तेल कुठवर चढले. आकडा चुकला तर मागच्या बाकावरून कोणीतरी डोळे मिटूनच दुरुस्ती करते. आमेन होईस्तोवर 'गावकरी' आणि 'देशदूत' दोन्ही वाचून झालेले असतात आणि रविवारचा रस्सा घरी गॅसवर आटत असतो.

थट्टा करतोय असे वाटेल. थोडी करतोयच. पण ह्या लांबलेल्या प्रार्थनेमागे एक खरी अडचण आहे आणि ती ख्रिस्ती माणसाला जरा जास्तच छळते. शेजाऱ्यावर प्रीती कर, हे त्याला संडे स्कूलपासून घोकवलेले असते. तेव्हाचा शेजारी म्हणजे भिंतीपलीकडचा, फार तर यरीहोच्या वाटेवर पडलेला. आता मोबाइलने सगळे जगच ओट्यावर आणून टाकले आहे. चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत सुदानमधली उपासमार, युक्रेनमधली पडकी इमारत, गाझातले रडणारे मूल, आणि त्यांच्या मधल्या जागेत गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात. चांगल्या शोमरोन्याला वाटेत एकच जखमी भेटला. एका सकाळी चारशे भेटले असते तर बिचाऱ्याचे एक गाढव कितीजणांना पुरले असते?

मग माणूस करतो काय, तर मत व्यक्त करतो. ते गाढवापेक्षा स्वस्त पडते.

आमच्याकडे एक मामा आहेत. रक्ताच्या नात्याने ते माझे कोणीच नाहीत, पण मंडळीत साठी ओलांडली की माणूस आपोआप मामा नाहीतर काका होतो. हे मामा नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून रिटायर झाले. ज्याने आयुष्यभर देशाच्या नोटा छापल्या त्याला जगाच्या अर्थकारणावर बोलायचा हक्क आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत, आणि ती खोडून काढण्याएवढे अर्थशास्त्र आमच्यात कोणाला येत नाही. पण मामांचा खरा विषय शेवटचा काळ. फरात नदीचे पाणी किती आटले ह्याची खबर त्यांना गंगापूर धरणाच्या पातळीआधी असते. २०२२ साली टेक्सासहून पाच तांबड्या कालवडी इस्राएलात नेल्या, तेव्हा मामांनी आठवडाभर आम्हाला झोपू दिले नाही. गणनेच्या पुस्तकातली तांबडी कालवड, मंदिराची तयारी, म्हणजे आता घटका भरत आली! उपासनेनंतर चहाच्या टेबलापाशी हे सगळे सांगून झाल्यावर निफाडकडून येणाऱ्या आमच्या एका बागायतदार भावाने एवढेच विचारले, "विमानाने नेल्या का? भाडं किती पडलं असेल हो?"

मामांचे बायबल मी एकदा जवळून पाहिले आहे. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायाच्या समासात शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात साले टिपलेली आहेत. १९९१, पुढे कंसात 'इराक'. मग १९९९. मग २००३, पुन्हा इराक. २०१२. २०२०, त्यापुढे नुसतेच 'मास्क'. एकही साल त्यांनी खोडलेले नाही. प्रेसची शिस्त, रजिस्टरात खाडाखोड करायची नाही. गंमत म्हणजे त्याच अध्यायात प्रभूने शिष्यांना बजावले आहे की लढायांविषयी आणि लढायांच्या आवयांविषयी ऐकाल तेव्हा घाबरून जाऊ नका, एवढ्यात शेवट नाही. त्या ओळीखाली मामांनी पट्टीने सरळ रेघ मारली आहे. समासात मात्र तिच्यापुढे काहीच लिहिलेले नाही.

मामांना मी हसतो, पण त्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. जग आपल्याला लागून आहे हे त्यांना कळते. नाशिककराला ते कळायलाच हवे. ८ नोव्हेंबर २०१६ला दिल्लीत नोटाबंदी जाहीर झाली आणि आमच्या प्रेसमधल्या माणसांचे रविवार गेले. डिसेंबर २०२३मध्ये कांद्याची निर्यात थांबली आणि लासलगावच्या बाजाराची कळा एका रात्रीत बदलली. त्याच सुमाराला तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले. येमेन कुठे, निफाड कुठे! पण युरोपला जाणारे द्राक्षांचे कंटेनर सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जायला लागले, भाडे वाढले आणि प्रवास दोनेक आठवड्यांनी लांबला. द्राक्षाला दोन आठवडे म्हणजे काय, हे ज्याने बाग लावली त्यालाच विचारावे. त्या हंगामात आमच्या बागायतदार भावाने प्रार्थनेचा विषय दिला: तांबडा समुद्र. पाळकसाहेबांचा चेहरा खुलला. मोशे, काठी, दुभंगलेले पाणी, सगळा उपदेश त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिलेला दिसला. भाऊ घाईने म्हणाले, "नाही साहेब, पाणी राहू द्या जागेवर. आम्हाला बोट न्यायचीय."

मला ती प्रार्थना मंडळीतल्या वर्षभरातल्या प्रार्थनांमध्ये सर्वांत चांगली वाटली. तिच्यात माहिती कमी होती आणि गरज खरी होती. त्या दिवशी येमेनच्या लोकांसाठीही कोणीतरी एक वाक्य बोलले, कारण बोट अडली म्हणून का होईना, तो देश नकाशावर कुठे आहे हे आम्ही शोधले होते.

जग आमच्या दारात येते ते काही आजच नव्हे. आता नाशिकच्या शरणपूरची गोष्ट सांगतो. आज शरणपूर रोड म्हटले की शोरूम, कॉफीची दुकाने आणि गाडी लावायला न मिळणारी जागा आठवते. पण १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी ही ख्रिस्ती वस्ती गावाबाहेर वसवली. ब्रिटिश आरमार हिंदी महासागरात गुलामांची गलबते पकडायचे. त्यांतून सुटलेली आफ्रिकन मुले मुंबईला उतरवली जात, आणि त्यांतली बरीच इथे, आमच्या शरणपुरात, येऊन पोहोचली. त्या काळातले जागतिक संकट म्हणजे गुलामांचा व्यापार. तो आमच्या दारात लहान मुलांच्या रूपाने आला. त्यांना लिहायला-वाचायला शिकवले, सुतारकाम, लोहारकाम शिकवले. नाशिकच्या थंडीत कुडकुडणारी ती पोरे कोणत्या भाषेत भांडत असतील, ह्याचा मी पुष्कळदा विचार करतो. मराठीत चार शिव्या तरी नक्की शिकली असणार.

पुढे मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टनने आफ्रिकेच्या शेवटच्या प्रवासासाठी १८६५-६६मध्ये शरणपूरची नऊ मुले बरोबर नेली. मग हा लिव्हिंग्स्टन आतल्या मुलखात गेला तो गेलाच. पत्र नाही, खबर नाही. जगभरच्या वर्तमानपत्रांना त्याच्याइतका चांगला विषय दुसरा मिळाला नाही. 'न्यूयॉर्क हेरल्ड'ने हेन्री स्टॅनली नावाचा वार्ताहर त्याला हुडकायला पाठवला. ह्यात धर्मकार्य काही नव्हते. पेपर खपवायचा होता. १८७१ साली टांगानिका सरोवराकाठी उजिजीला दोघांची भेट झाली. स्टॅनलीने त्या भेटीत उच्चारलेले वाक्य आजही विनोदात वापरतात. लिव्हिंग्स्टन मात्र परत यायला तयार नव्हता. मग स्टॅनली परतला आणि झांझिबारहून त्याने कुमक धाडली. त्या कुमकेत पुन्हा आमचे शरणपूरचे तरुण होते. त्यांतला एक जेकब वेनराइट.

१ मे १८७३च्या सुमारास लिव्हिंग्स्टन आज झांबियात असलेल्या चितांबोच्या गावी मेला. आजूबाजूला एकही वार्ताहर नव्हता, एकही गोरा माणूस नव्हता. होते ते सुसी आणि चुमा हे म्होरके (ह्यांतला चुमा काही काळ मुंबईत डॉ. विल्सन यांच्या शाळेत होता), शरणपूरचे तरुण आणि बाकीचे हमाल. त्यांना कोणाचा हुकूम नव्हता. तिथेच पुरून, पगार घ्यायला किनाऱ्याकडे निघून गेले असते तर कोणी बोट दाखवले नसते. त्यांनी ठरवले की साहेबाला त्याच्या माणसांत पोहोचवायचे. काळीज तिथेच झाडाखाली पुरले. जेकबने प्रार्थनापुस्तकातून अंत्यविधी वाचला आणि झाडाच्या खोडावर नाव-तारीख कोरली. शरणपूरचे सुतारकाम कामी आले असे मला वाटते. इतिहासकारांनी ह्याला पुरावा मागू नये. देहाला मीठ लावून उन्हात वाळवला, कापडात आणि सालीत गुंडाळला आणि काठीला बांधून ते निघाले. हजार मैलांहून अधिक वाट. सुमारे नऊ महिने. तापाने माणसे पडली. वाटेत एका इंग्रज लेफ्टनंटची गाठ पडली; तो म्हणाला, कशाला एवढी यातायात, इथेच पुरा. त्यांनी त्याचे ऐकले नाही. पुढे एका मुलखातले लोक प्रेत न्यायला देईनात. तेव्हा ह्यांनी प्रेत परत पाठवल्याचे नाटक केले, खोटे गाठोडे मागे धाडले आणि खरे प्रेत कापडाच्या गठ्ठ्यासारखे बांधून व्यापाऱ्यांच्या मालात मिसळून पुढे नेले. दहा आज्ञांमध्ये हे बसते की नाही, ते पाळकसाहेबांना विचारा. मला विचाराल तर बसते.

फेब्रुवारी १८७४मध्ये ते किनाऱ्याला पोहोचले, तिथे त्यांचे पैसे चुकते केले आणि रजा दिली. विलायतेपर्यंत गेला तो एकटा जेकब, कारण मिशनने त्याच्या तिकिटाचे पैसे भरले. १८ एप्रिल १८७४ला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये जो दफनविधी झाला, त्यात शवपेटी धरणाऱ्यांमध्ये स्टॅनली होता आणि जेकबही होता. एका बाजूला बातमी आणणारा, दुसऱ्या बाजूला माणूस आणणारा. सुसी आणि चुमाला नंतर कोणीतरी विलायतेला बोलावले, तोवर विधी उरकला होता. थडग्यावरच्या दगडात लिहिले आहे की विश्वासू हातांनी त्याला जमिनीवरून आणि समुद्रावरून आणले. हातांची नावे नाहीत.

इथे वर्तमानपत्रांना नावे ठेवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे होणार नाही. स्टॅनलीबरोबर लिव्हिंग्स्टनची जी पत्रे बाहेर आली, त्यांत गुलामांच्या व्यापाऱ्यांनी केलेल्या कत्तलीचे त्याने डोळ्यांनी पाहिलेले वर्णन होते. ते छापून आल्यावर विलायत हलली. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांना झांझिबारला धाडले गेले आणि लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूनंतर सुमारे पाच आठवड्यांत, जून १८७३मध्ये, झांझिबारचा गुलामांचा बाजार करार करून बंद झाला. 'हेरल्ड'ला खप हवा होता, तो मिळाला. आणि शिवाय एक बाजारही बंद पडला. पेपराचा मालक काय हेतूने छापतो, हे परमेश्वर फारसे मनावर घेत नसावा. मोंबासाजवळ पुढे सुटलेल्या गुलामांची फ्रियर टाऊन नावाची वस्ती झाली. ती उभारायला प्राइससाहेब आणि शरणपूरचीच माणसे गेली. आफ्रिकेला वळसा घालून जाणारी आमची द्राक्षे म्हणजे नाशिकने त्या बाजूला पाठवलेला काही पहिला माल नव्हे.

बोलावे कधी आणि गप्प राहावे कधी, हे पंडिता रमाबाईंकडून शिकावे. १८९६च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा बाई स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी मुली-बायका घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती मिशन वाढले ते ह्याच मुलींमुळे. त्या वेळी त्यांनी दुष्काळाच्या कारणांवर परिसंवाद घेतल्याचे मला तरी माहीत नाही. पण १८९७ साली पुण्यात प्लेग आला, सरकारी इस्पितळात आपल्या सदनातल्या एका मुलीच्या बाबतीत काय घडले हे त्यांना कळले, तेव्हा मात्र त्या गप्प बसल्या नाहीत. 'बॉम्बे गार्डियन'ला त्यांनी जळजळीत पत्र लिहिले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप नाकारले, विलायतेच्या पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला. इंग्रजांचे राज्य, बाई ख्रिस्ती, राज्य करणारेही ख्रिस्ती. 'आपल्याच लोकांविरुद्ध कसे लिहू' असे म्हणायची पुष्कळ सोय होती. बाईंनी ती वापरली नाही.

आणि त्याच वर्षी, त्याच प्लेगच्या बंदोबस्तावरून, नामदार गोखले यांनी विलायतेत सोजिरांवर आरोप केले ते पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर. परत आल्यावर पुरावा कोणी देईना आणि गोखल्यांसारख्या माणसाला जाहीर माफी मागावी लागली. त्या माफीचा त्यांना आयुष्यभर त्रास झाला. ज्यांनी पत्रे लिहिली त्यांना झाला नाही. आजकाल मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'अमुक देशात बावीस मिशनऱ्यांना उद्या सकाळी फाशी, ताबडतोब प्रार्थना करा' असा संदेश येतो. तोच संदेश, तोच आकडा, फक्त देश बदलून, मी कितीतरी वर्षे पाहतोय. तो पुढे पाठवणाऱ्या मावशींचा हेतू निर्मळ असतो. पण खोट्या फाशीसाठी रडून डोळे कोरडे झालेला माणूस खऱ्या फाशीला रडत नाही, हे कोणीतरी मावशींना सांगायला हवे. मी सांगणार नाही. त्यांच्याकडचे नाताळचे अनारसे मला हवे असतात.

आमच्याकडे कॅमेरा वळतो तो एरवी दोनच कारणांनी: नाताळचा केक आणि धर्मांतराची भानगड. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरली की तिसरे कारण मिळते, वाहतूक कोंडी. २१ एप्रिल २०२५ला, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, पोप फ्रान्सिस वारले आणि मला एका तरुण वार्ताहराचा फोन आला.

"सर, तुमचे पोप गेले. प्रतिक्रिया हवी होती."

मी म्हटले, "दुःख आहेच, पण आम्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. आमच्यावर पोप नसतात."

"मग तुमचे प्रमुख कोण?"

"प्रभू येशू ख्रिस्त."

"ते झालंच हो सर. सध्याचे कोण?"

पोरगा बिचारा नेकीने विचारत होता. मी त्याला एक गोष्ट सांगितली. ऑक्टोबर २०२३मध्ये गाझात युद्ध पेटल्यापासून हे पोप तिथल्या एकुलत्या एक कॅथलिक चर्चला जवळजवळ रोज संध्याकाळी फोन करत. चर्चच्या आवारात शेकडो माणसे आसऱ्याला होती. फोनवर ते विचारायचे, कसे आहात, आज काय जेवलात. स्वतः इस्पितळात पडले तेव्हाही बरेच दिवस फोन केला. मरणाच्या दोन दिवस आधी शेवटचा. भाषणे त्यांनी पुष्कळ केली आणि ती जगभर छापूनही आली. पण रोज संध्याकाळी 'काय जेवलात' विचारणे हे आपल्याकडच्या आजीलाच जमते. वार्ताहराने सगळे लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी छापून आले: 'नाशिकच्या ख्रिस्ती बांधवांवर शोककळा.' फोनची गोष्ट नव्हती. जागेअभावी गेली असणार.

कॅमेरा आपण होऊन आला तर त्याला हाकलून देऊ नये. पण आपण त्याला बोलावतो तेव्हा मात्र गंमत होते. लॉकडाऊनमध्ये धान्याची एक पिशवी सातजणांनी मिळून उचलल्याचे फोटो सगळ्यांनीच पाहिले. पाच किलो तांदूळ, एक किलो तूरडाळ, आणि तेवढ्याला सात तरणेताठे पुरुष! उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नये असे प्रभू म्हणाला, इथे चौदाही हात पिशवीला लागलेले. मागे बॅनर. पुढे 'कोरोना योद्धा' म्हणून प्रमाणपत्रे वाटली गेली, ती नाशकात अजून निम्म्या घरांच्या भिंतींवर असतील.

त्याच लॉकडाऊनच्या मे महिन्यात मुंबई-आग्रा महामार्गावरून माणसे चालत उत्तरेकडे निघाली होती. कसारा घाट चढून आलेली, डोक्यावर बोचके, कडेवर पोर. नाशकातले सगळ्या धर्मांचे लोक रस्त्यावर अन्नपाणी घेऊन उभे होते. आमच्या महिला संघातल्या एक मावशी पाथर्डी फाट्याला चपात्या घेऊन गेल्या आणि हात हलवत परत आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉलनीतले दरवाजे वाजवले. "चपात्या नकोत. चपला द्या." खायला खूपजण देत होते, पण डांबर तापलेले आणि पायातले स्लीपर झिजून गेलेले, हे त्यांनी खाली वाकून पाहिले होते. जुन्या चपला गोळा केल्या. प्रत्येक जोड सुतळीने बांधला, लहानमोठे वेगळे लावले, आणि एका बाजूला लहान मुलांचे बूट, कारण ते लवकर उडतात. टोकाला एक डावा सँडल एकटाच होता. तो कशाला आणला विचारले तर म्हणाल्या, "एखाद्याचा एकच तुटलेला असतो की." फोटो कोणी काढला नाही. प्रमाणपत्रही आले नाही, आणि मावशींना त्याचे काही वाटले असेल तर त्यांनी कधी दाखवले नाही. दर रविवारी मात्र त्या अजूनही लोकांच्या पायांकडे बघतात, त्यामुळे मी चर्चला जाताना बूट पुसून जातो.

एरवी जगाच्या संकटाला आमची मंडळी उत्तर देते ते दानाच्या थैलीतून. ह्याला पवित्र शास्त्रात आधार आहे. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये अगब नावाचा संदेष्टा अंत्युखियाला येऊन सांगतो की मोठा दुष्काळ पडणार. बातमी जागतिक. त्यावर अंत्युखियाच्या मंडळीने हा शेवटचा काळ आहे का, ह्यावर खल केला असे लिहिलेले नाही. ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे पैसे काढले आणि बर्णबा आणि शौल यांच्या हाती यहूदीयात पाठवले. संपले. उपासनेनंतर आमच्या वेस्ट्रीत, म्हणजे चर्चला लागून असलेल्या खोलीत, मेज ओढून थैली उपडी केली की मला त्या अध्यायाची आठवण येते. दहाच्या चुरगळलेल्या नोटा, नाणी, एखादे पाकीट आणि त्यावर निळ्या शाईत 'भूकंपग्रस्तांसाठी'. मोजायला मामा. प्रेसचे बोट, नोटा अशा सरकतात की आपल्याला फक्त वारा लागतो. प्रत्येक पाचशेची ते खिडकीकडे धरून पाहतात. खोटी आहे का म्हणून नव्हे. आपल्या सेक्शनची आहे का म्हणून. आणि दर वेळी, रक्कम रजिस्टरात चढवण्याआधी, शेवटच्या काळाचे हे अभ्यासक खिशातून स्वतःची एक नोट काढून चवडीवर ठेवतात. जग उद्या संपणार ह्यावर त्यांचा पुरा विश्वास आहे, तरी भूकंपग्रस्तांना पुढच्या महिन्यात छपराला पत्रे लागतील हेही त्यांना मान्य आहे. ह्या दोन गोष्टी एकाच माणसात नांदतात, हे बघून मला ख्रिस्ती मंडळीविषयी बरीच आशा वाटते.

मागे पाळकसाहेबांनी लूकच्या तेराव्या अध्यायावर उपदेश केला. काही लोक प्रभूकडे ताजी बातमी घेऊन येतात: पिलाताने काही गालील्यांना यज्ञ करतानाच मारले. बातमीत सगळे होते. जुलमी सत्ता, धर्मस्थान, रक्त. आजचा कोणताही अँकर तीन दिवस चालवील. प्रभूने काहीतरी प्रतिक्रिया द्यावी, निदान पिलाताचा निषेध तरी करावा, असे आणणाऱ्यांना वाटले असणार. त्याने आपणहून दुसरी, स्थानिक बातमी त्यात घातली, शिलोहाचा बुरूज कोसळून अठराजण मेले ती, आणि विचारले, मेलेले तुमच्यापेक्षा जास्त पापी होते असे वाटते का तुम्हाला? नाहीत. तुम्ही आपले बघा. एवढे बोलून तो एका झाडाची गोष्ट सांगायला लागतो. एका माणसाने द्राक्षमळ्यात अंजीर लावले होते आणि तीन वर्षे फळ नाही. मालक म्हणतो तोडून टाक. माळी म्हणतो, एवढे एक वर्ष राहू द्या, मी भोवताली खणतो, खत घालतो.

मी ह्या उपदेशात गुंगून गेलो होतो. एवढी मोठी बातमी आणि उत्तर काय, तर शेणखत! दोन हजार वर्षांत वृत्तवाहिन्यांना कोणी इतके निराश केले नसेल. निफाडचे भाऊ मात्र अस्वस्थ दिसत होते. उपासना सुटल्यावर त्यांनी पाळकसाहेबांना दारातच गाठले. "सलाम साहेब. पण द्राक्षाच्या बागेत अंजीर लावलं कशाला? सावली पडते ना."

साहेब म्हणाले, "तो दृष्टांत आहे."

"ते समजलं. मग पुढच्या साली फळ आलं का?"

पाळकसाहेबांनी बायबल उघडून पुन्हा पाहिले. आले की नाही, हे लूकने लिहिलेले नाही.